कमान धुतली, आत काय आहे?

सीएसएमटीला उतरून दादाभाई नौरोजी रोडने फ्लोरा फाउंटनकडे चालू लागलं की मोबाइल आपोआप वर जातो. कमानी, सज्जे, घुमट. फोटो झकास येतात, खाली ‘हेरिटेज’ लिहायचं की झालं. माझं भांडण या ‘की झालं’शी आहे.

हा रस्ता हॉर्नबी रोड होता तेव्हा इथे व्हाइटअवे लेडलॉचं डिपार्टमेंट स्टोअर होतं. कंपनी 1882ची, मूळ कोलकात्याची. उधारी बंद, रोख मोजा नि माल न्या. त्यावरून लोक तिला चेष्टेने ‘राइट अवे अँड पेड फॉर’ म्हणत. गिऱ्हाईक मुख्यतः गोरं, नोकरदार.

बाहेर शहर मात्र पेटत होतं. 31 जुलै 1921ला परळला, एल्फिन्स्टन मिलच्या आवारात, गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी झाली. 12 डिसेंबर 1930ला काळबादेवीत विदेशी कापडाची लॉरी अडवताना बाबू गेनू हा गिरणी कामगार चिरडला गेला. आणि स्वातंत्र्यानंतर व्हाइटअवेच्याच इमारतीत, म्हणजे मेट्रोपॉलिटन इन्शुरन्स हाउसमध्ये, खादी भांडार थाटलं गेलं. साहेबाच्या दुकानात खादी! बाबू गेनूचं याहून चांगलं स्मारक मला तरी माहीत नाही. आणि तिथे रुमाल विकत घेता यायचा.

आता आपण जपलं काय ते पाहा. 1995 साली मुंबईला हेरिटेजचे नियम मिळाले. पुढे याच रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या शिस्तीत आणल्या, कमानी मोकळ्या केल्या, 2004 साली युनेस्कोनेही दखल घेतली. उत्तम काम, वादच नाही. पण जानेवारी 2022मध्ये खादी आयोगाने हे भांडार चालवणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र रद्द केलं. तपासणीत घेतलेले नमुने खादीचे नव्हते, असं आयोगाचं म्हणणं. कमानीला तडा गेला असता तर आपण पोस्टी टाकल्या असत्या. इथे इमारतीचा अर्थच तडकला, तर ती बातमी व्यापारपानाची ठरली.

‘मग तोट्यातलं दुकान जन्मभर चालवायचं का?’ नाही. दुकानं बदलतात. काळा घोड्याच्या आर्मी अँड नेव्ही इमारतीतही पूर्वी साहेबांचं स्टोअरच होतं, नंतर तिथे वेस्टसाइड आलं. कुणीही आत शिरावं, शर्ट अंगाला लावून बघावा, न घेता बाहेर पडावं. मला ते चालतं. एखाद्या कंपनीने जुना जिना नि उंच छत फक्त आपल्या बोर्डरूमसाठी राखून ठेवावं आणि आपण फुटपाथवरून दर्शनी भागाचे फोटो काढावेत, हे चालत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. तळमजला लोकांसाठी उघडा राहावा. आधी इथे काय विकलं जायचं आणि ते का बंद पडलं, हे दारावर मराठीत लिहावं. आणि अशा इमारतीचा वापर बदलण्याआधी जाहीर नोटीस लागावी, हरकतींना मुदत मिळावी. खिडकीची चौकट बदलायला परवानगी मागतोच ना आपण?