भुयार फोमचे, माप एक इंचाचे



एका वाचक भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार मित्र जमवून तो दर रविवारी एक इंग्रजी खेळ खेळतो. त्या खेळाला लागणारा तळघराचा तयार संच, म्हणजे फरशा, भिंती, दरवाजे, त्याला परदेशातून मागवावयाचा आहे. किंमत ऐकून घरात शांतता पसरली. भगिनी विचारतात, हा खर्च करावा काय? आणि दुसरे असे की, या खेळात राक्षस आहेत, जादूगार आहेत. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. हे घरात चालू द्यावे काय?

ताई, दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो पैशाचा नाही.

खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे दोन कर्ते. गायगॅक्स विमा कंपनीत नोकरीला होते. ती १९७० साली सुटल्यावर त्यांनी बूट दुरुस्तीचे काम केले आणि ते करता करता खेळाचे नियम लिहिले. पहिल्या एक हजार प्रतींची खोकी त्यांच्या घरातच हाताने भरली गेली. खेळाच्या झगमगीत जाहिरातीत ही गोष्ट सहसा सांगत नाहीत, म्हणून आम्ही मुद्दाम सांगितली.

खेळणे असे असते. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार म्हणतो, "तुम्ही भुयारात उभे आहात. समोर दोन दरवाजे आहेत. डावीकडून पाण्याचा आवाज येतो." मग मुले आपसांत विचार करून काय करावयाचे ते सांगतात, आणि जमले की फसले हे वीस बाजूंचा फासा ठरवितो. फासा असला तरी पैसा लावलेला नसतो. सगळे मिळून एका बाजूने खेळतात, त्यामुळे कॅरमसारखी एकमेकांवर मात नाही. मुलगा चार तास बोलतो, ऐकतो, बेरीज-वजाबाकी करतो आणि इंग्रजी नियमपुस्तक वाचतो. मोबाईलवर अंगठा घासत बसण्यापेक्षा हे आम्हास पुष्कळ बरे वाटते.

राहिले राक्षस. अमेरिकेतही १९८० च्या दशकात काही धार्मिक मंडळींनी ओरड केली होती की या खेळाने मुले सैतानाची पूजा करू लागतात. त्या ओरडीला वजन इतके की, १९८९ च्या नव्या आवृत्तीत कंपनीने सैतान-पिशाच्चांची नावेच काढून टाकली. खेळामुळे मुले बिघडतात असे काही सिद्ध झाले नाही. आमचे मत सरळ आहे. गोष्टीतला राक्षस गोष्टीत आहे हे मुलाला ठाऊक असेल तर धोका नाही. अंगात आले म्हणून नारळ फोडणारा माणूस जादू खरी मानतो, म्हणून धोका तिथे आहे. मुलगा फासा टाकून राक्षस मारतो आणि सोमवारी प्रॅक्टिकलला जातो, त्याची काळजी कशाला?

पण या खेळात एक खरी खोट होती, आणि ती आपल्या लोकांच्या नजरेतून सुटणार नाही. मूळ नियमांत प्रत्येक पात्राचा 'वंश' ठरलेला. अमक्या वंशाचा तो बुद्धिमान, तमक्याचा तो बलवान. आणि काही वंश जन्मतःच दुष्ट; त्यांना मारले तरी हळहळ नको! ऑर्क म्हणून एक जमात आहे, काळ्या कातडीचे भुयारवासी ड्रो आहेत, त्यांच्या वाट्याला हे आले. जन्मावरून गुण, जन्मावरून दोष. ताई, हे कुठे वाचल्यासारखे वाटते ना?

खेळणाऱ्यांनीच यावर बोलावयास सुरुवात केली. २०२० साली खेळाची मालक कंपनी 'विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट' हिने जाहीरपणे मान्य केले की, ऑर्क आणि ड्रो यांची वर्णने खऱ्या जगातील माणसांना हिणविण्याच्या पद्धतीशी मिळतीजुळती होती. त्याच वर्षीच्या एका पुस्तकात जन्मानुसार गुण ठरविण्याचा नियम सैल झाला. २०२२ साली 'वंश' शब्द सोडण्याची घोषणा झाली, आणि २०२४ च्या नियमपुस्तकात 'प्रजाती' हा शब्द आला. आता गुणांची वाढ पात्राने आधी काय काम केले, काय शिकले, यावरून मिळते. शब्द बदलला म्हणून सारे मिटले असे आम्ही म्हणत नाही. पण मुलाला एकदा विचारा, तुमच्या टोळीत ऑर्क अजून जन्मानेच वाईट असतो काय? त्याचे मित्र या प्रश्नावर तासभर भांडतील. भांडू द्या.

आता पैशाचा प्रश्न. तयार संच विकत घेऊ नये. घरी करावा.

अमेरिकेतील हौशी लोक यासाठी जो फोम वापरतात तो आपला दाणेदार थर्माकोल नव्हे. तो घट्ट, बिनदाण्याचा, निळा किंवा गुलाबी असतो. मुळात तो घराच्या भिंतीला आणि छताला उष्णतारोधक म्हणून लावण्याचा माल. कापला तर कड स्वच्छ राहते, बोटाने दाबले तर ठसा उमटतो. आपल्याकडेही गच्चीच्या आणि शीतगृहांच्या कामाला असा फोम लागतो. कुणी वाचक त्या कामावर असतील तर मुकादमाला विचारून तुकडे आणावेत.

माप एक इंचाचे. खेळात एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट जमीन, आणि एका चौकोनात एक बाहुली उभी राहते. तीन इंच बाय तीन इंचाची फरशी कापा, म्हणजे तीवर नऊ चौकोन येतात. अर्धा इंच जाडीच्या दोन फूट बाय दोन फूट पत्र्यातून अशा ६४ फरशा निघतात. कापताना स्टीलची पट्टी आणि कटरचे नवे पाते घ्यावे. पाते आडवे धरून तीन-चार वेळा हलके ओढावे. करवतीसारखे पुढे-मागे केले की कड फाटते. चौकोनांच्या रेघा बॉलपेनने दाबून दोनदा ओढाव्यात. मग पोळ्या गुंडाळण्याच्या चांदीच्या कागदाचा चुरगळून गोळा करावा आणि तो फरशीवर दाबत फिरवावा. दगडाचा खडबडीतपणा असा उमटतो की हात लावून पाहावासा वाटतो.

सगळी मेख भिंतीत आहे. भिंत फरशीच्या वर चिकटविली तर ती अर्धा इंच जागा खाते, कडेचा चौकोन निम्मा होतो आणि बाहुली उभी राहत नाही. दोन खोल्या जोडल्या की मध्ये दोन भिंती येतात ते वेगळेच. म्हणून भिंत फरशीच्या बाहेर, सुटी, टेकवून उभी करावी. एकच भिंत दोन्ही खोल्यांना चालते. उंची दीड इंचाच्या वर नको, नाही तर पलीकडे बसलेल्याला काही दिसत नाही आणि हात आत जात नाही. जी पद्धत धराल ती शेवटपर्यंत एकच ठेवा. जाडीही सर्व फरशांची एकच. हा संच सुट्या तुकड्यांचा असल्यामुळे आज केलेला तुकडा पुढल्या वर्षीच्या तुकड्याला बसला पाहिजे.

रंगासाठी स्प्रेचा डबा आणू नका. त्यातील द्रावक फोम खाऊन टाकते. बूट चिकटविण्याचे पिवळे सोल्युशनही तसेच. पांढरा फेव्हिकॉल चालतो. घरात कुणी रंगारी असेल तर उरलेल्या डिस्टेंपरमध्ये काळा स्टेनर आणि थोडा फेव्हिकॉल घालून सर्व बाजूंनी हात द्यावा. एक दिवस वाळू द्यावे. मग राखाडी रंगात ब्रश बुडवून तो फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा आणि वरवर फिरवावा. उंचवट्यांवर रंग बसतो, खाचा काळ्या राहतात.

तापत्या तारेचे कटर मुले नेटाने मागतील. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे शेजारीच स्टोव्ह आहे, तिथे ते नको. फोम जळतो आणि त्याचा धूर छातीला वाईट.

फोम मिळाला नाही तर? थर्माकोलच्या मागे लागू नये. तो भुरभुरतो, आणि महाराष्ट्रात २०१८ सालीच सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आहे. जयंतीच्या देखाव्यांनाही ती लागू आहे. टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्यावा. तीन थर एकमेकांवर चिकटवून वजनाखाली दाबावेत आणि रंग दोन्ही बाजूंनी द्यावा, नाही तर फरशी वाकते. दगडांसाठी अंड्यांच्या कागदी ट्रेचे बारीक तुकडे फाडून चिकटवावेत. फोमची कड जास्त सुबक येते हे खरे, पण आमची पसंती पुठ्ठ्याला आहे. फुकट मिळतो, आणि पाच वर्षांचे धाकटे भावंडही त्यात हात घालू शकते.

त्याच फरशांतून अजिंठ्याचे बारा नंबरचे लेणे बसविता येते. मध्ये चौकोनी सभामंडप, खांब एकही नाही, तिन्ही बाजूंना चार-चार अशा भिक्खूंच्या बारा खोल्या, प्रत्येकीत दोन दगडी ओटे. मंडपाला १६ फरशा, खोल्यांना १२, म्हणजे २८ झाल्या. दर्शनी भिंत मुळात कोसळलेलीच आहे, त्यामुळे ती करावयाची नाही! वैशाख पौर्णिमेला विहारात मांडावे आणि रविवारी मोडून पुन्हा भुयार करावे.

भिंती वेगळ्या पिशवीत ठेवल्या तर ६४ फरशा बुटांच्या एका खोक्यात मावतात. पुठ्ठ्याच्या असतील तर पावसाळ्यात खोके माळ्यावर, जमिनीपासून दूर, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे. झुरळे येऊ शकतात. दोन डांबराच्या गोळ्या आत टाकाव्यात, लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा.