डाव्या कानात बॅटरी किती, हे सांगायचं कुणी?

परवा भाच्याचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. फोनवर बड्सची बॅटरी साठ टक्के दिसत होती, म्हणून पोरगं निवांत होतं. विसाव्या मिनिटाला उजवा बड बंद पडला. माइक त्याच बाजूचा चालू, त्यामुळं ह्याचा आवाज तिकडं जाईना. फोन स्पीकरवर टाकेपर्यंत दोन प्रश्न निघून गेले. "मामा, साठ टक्के दाखवत होतं की!" एवढंच म्हणाला.

फोन एका कंपनीचा, बड्स दुसऱ्या. सगळा घोळ इथंच आहे.

ब्लूटूथमध्ये बॅटरीचा आकडा फोनला कळवायची ठरलेली सोय आहे. पण बड्सना बॅटऱ्या तीन असतात: डावी, उजवी आणि डबीची. हे तीन आकडे बऱ्याच कंपन्या आपापल्या खासगी भाषेत पाठवतात. आपल्याच फोनला ते समजतात. दुसऱ्याच्या फोनवर एकच आकडा येतो, नाहीतर काहीच नाही. एअरपॉड्स अँड्रॉइडला जोडा, गाणी वाजतील, पण तिन्ही आकडे आपोआप दिसणार नाहीत. गूगलच्या फास्ट पेअरमध्ये ते दिसू शकतात, पण बड्समध्ये ती सोय दिलेली असेल तरच. बाकी ठिकाणी कंपनीचं ॲप घ्या, खातं उघडा, परवानग्या द्या. बॅटरी बघायला एवढा उपद्व्याप कशाला, राव?

आपल्या उद्यमनगरात जाऊन बघा. बोल्ट या दुकानातला, नट त्या दुकानातला. माप एक असलं की बसतो. नट कुठल्या कंपनीचा, कोण विचारत नाही. कारण आटे कसे पाडायचे हे आधी ठरलंय. जे लोखंडाला जमलं ते लाख-लाखाचे फोन विकणाऱ्यांना जमत नाही?

जमतं, पण मनावर घ्यावं लागतं, नाहीतर कुणीतरी घ्यायला लावावं लागतं. २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, ती सरकारी नियमामुळं. यूपीआयमध्ये तुमचं ॲप एक, चहावाल्याचं दुसरं, तरी पैसे पोचतात. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनला आणि इअरबड्सलाही टाइप-सी चार्जिंग सक्तीचं झालं. तोवर वेगळी वायर विकणारी कंपनीसुद्धा सुतासारखी सरळ आली.

माझी मागणी छोटी आहे. बॅटरीचे तिन्ही आकडे सगळ्यांना कळतील अशा ठरलेल्या भाषेतच पाठवायचे, हा नियम करा. तोवर निदान खोक्यावर छापा, की दुसऱ्या कंपनीच्या फोनवर काय दिसेल, काय नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्कच मानलाय.

तोपर्यंत आपण एवढं करू. राजारामपुरीत असो की महाद्वार रोडला, बड्स घेताना दुकानातच स्वतःच्या फोनला जोडून बघा. ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये किती आकडे दिसतात ते मोजा. महत्त्वाचा कॉल असेल तर आकड्यावर विसंबू नका, दोन्ही बड्स डबीत ठेवून आधी चार्ज करा. सांगितलेली सोय मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

भाच्याच्या निकालाचा फोन अजून आलेला नाही. नोकरी गेली तर ती बड्समुळंच, असं मी म्हणणार नाही. पण पैसे मोजून घेतलेली वस्तू आपल्यालाच खरं सांगत नसेल, तर बोलायला नको?

तुमच्या फोनवर किती आकडे दिसतात? खाली लिहा.