नदीकाठ कुणाचा? नळगंगेचा प्रश्न वृक्षारोपणाच्या फोटोने सुटणार नाही



वैनगंगेचे पाणी सव्वाचारशे किलोमीटरच्या कालव्याने बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत आणायचे, या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने 2024 साली मान्यता दिली. पाणी येईल तेव्हा येईल. मोताळा-मलकापूर करत पूर्णेला मिळणाऱ्या आजच्या नळगंगेचे काय?

आपल्याकडे नदीच्या वाट्याला वर्षातून एक दिवस येतो. पाहुणे, खड्डे, रोपे, फोटो! 2019 साली राज्याने एका वर्षात 33 कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते. लावलेली रोपे सगळे मोजतात, जगलेली झाडे कोण मोजतो?

आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "झाडे लावणे हा पोटभरल्यांचा छंद आहे, आपले प्रश्न वेगळे." आम्हाला हे मान्य नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांनी पाण्यावरचा हक्क बजावला. 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री म्हणून दामोदर खोऱ्याच्या योजनेला त्यांनी आकार दिला. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी झाडे लावल्याची, विहिरी खोदल्याची नोंद आहे. एवढा वारसा असताना नदी दुसऱ्यांच्या हवाली का करायची? पूर आधी शिरतो तो काठावरच्या गरिबाच्या झोपडीत. सांडपाण्याची दुर्गंधी आणि डासही आधी त्याच्याच वाट्याला!

तेव्हा झाडे लावायचीच. काळ्या मातीचा काठ पुरात ढासळतो, त्याला मुळांनी धरून ठेवणारी झाडे हवीत: करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. शोभेचा गुलमोहर नको. पण झाडे सांडपाणी शुद्ध करत नाहीत. शहराचा मैला नदीत सोडायचा आणि काठावर रोपे लावायची, ही निव्वळ धूळफेक आहे.

दुसरा धोका 'सुशोभीकरणा'चा. बाग करायची म्हणून वस्ती उठवायची! 74 व्या घटनादुरुस्तीने आलेली बारावी अनुसूची उघडून बघा. आठव्या क्रमांकावर नागरी वनीकरण व पर्यावरण संरक्षण, नवव्यावर दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, दहाव्यावर झोपडपट्टी सुधारणा. तिन्ही विषय एकाच यादीत, लागोपाठ! आठवा राबवताना नववा आणि दहावा पुसता येत नाही.

म्हणून नगरपालिकेकडे आमच्या चार मागण्या आहेत.

1. आधी सांडपाणी अडवा, शुद्ध करा, मग रोपे लावा.
2. रोपे राखण्याचे काम काठावरच्या वस्तीतल्या बायाबापड्यांना रीतसर मजुरीने द्या. श्रमदान फक्त गरिबानेच का करायचे?
3. किती झाडे जगली याचा हिशेब तीन वर्षे वॉर्डात जाहीर वाचा.
4. पूररेषेतल्या कुटुंबाला हलवायचेच असेल, तर आधी त्याच शहरात हक्काचे घर द्या.

तरुणांनो, येत्या पावसाळ्यात रोप घेऊन नक्की जा. दुसऱ्या हातात या मागण्यांचे निवेदन असू द्या.

जयभीम! जय संविधान!