सुई तीच, पण कुणासाठी?

मोहल्ल्यातल्या जिममध्ये नाव लावलं की काही महिन्यांत कुणीतरी कानाशी लागतोच, "भाई, नुसत्या प्रोटीनने काही होत नाही, ग्रोथ हार्मोनचा कोर्स कर." डॉक्टरची चिठ्ठी नाही, पावती नाही, बाटलीत नेमकं काय आहे याची खात्री नाही. त्याच गल्लीत एखाद्या आठ वर्षांच्या मुलीला डॉक्टरांनी हेच इंजेक्शन लिहून दिलेलं असतं आणि अम्मी ते टाळत असते. "हार्मोनची सुई? उद्या निकाहाच्या वेळी लोक काय म्हणतील?" ज्याला गरज नाही तो टोचून घेतो, जिला गरज आहे ती वंचित राहते. हे उलटं गणित आपण बदललं पाहिजे.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीत हे हार्मोन तयार होतं. काही मुलांमध्ये ते कमी पडतं. लिओनेल मेस्सीचंही लहानपणी तसंच झालं होतं. तो रोज पायात सुई टोचून घ्यायचा. पुढे बार्सिलोना क्लबने त्या उपचारांचा खर्च उचलला. यात लपवण्यासारखं काय आहे?

मात्र वेळ महत्त्वाची आहे. वयात आल्यावर हाडांच्या टोकांचा वाढीचा थर बंद होतो. मग कितीही इंजेक्शनं घेतली तरी उंची वाढत नाही. म्हणून मूल वर्गात फारच मागे राहत असेल, तर त्याची उंची नोंदवून ठेवा आणि वेळेत हार्मोनतज्ज्ञांना दाखवा. मुलगी असेल तर "आपल्या घरात सगळ्याच बुटक्या" म्हणून सोडून देऊ नका.

उपचार सुरू असतील तर काही गोष्टी कटाक्षाने पाळा. औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा, फ्रीजरमध्ये नको. बाटली जोरात हलवू नका. दरवेळी नवी सुई घ्या आणि जागा बदलत राहा. वापरलेली सुई कडक डब्यात टाका, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागू देऊ नका. डोस मनाने वाढवू नका. रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. सतत डोकेदुखी, अंधुक दिसणं, लंगडणं किंवा कंबरेच्या सांध्यात दुखणं सुरू झालं तर लगेच डॉक्टरांना कळवा.

आता जिमवाल्या मित्रांसाठी. गरज नसताना हे हार्मोन घेतलं तर अंगावर सूज येते, सांधे दुखतात, रक्तातली साखर वाढते. जास्त डोस दीर्घकाळ घेतला तर जबडा आणि हातपाय बेढब वाढतात, हृदयावरही परिणाम होतो. जोडीला इन्सुलिन घ्यायला सांगणारेही असतात. मधुमेह नसताना ते घेतलं तर साखर एकदम घसरून जीव जाऊ शकतो. एकच सुई दोघांनी वापरली तर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच. खेळात पुढे जायचं असेल तर हेही लक्षात ठेवा, की उत्तेजक चाचणीत हे हार्मोन बंदी असलेल्या यादीत आहे.

कुणी आधीच घेत असेल तर त्याला हिणवू नका. त्याला डॉक्टरकडे घेऊन जा आणि काय, किती, कधीपासून घेतलं ते खरं सांगायला लावा. आणि पुढच्या वेळी जिममध्ये कुणी बाटली पुढे केली, तर सगळ्यांसमोर दोनच प्रश्न विचारा : कोणत्या डॉक्टरने लिहून दिलं? बिल कुठे आहे?