दारासिंग यांची कीर्ती आणि कुस्तीची दोन मोजमापे

दारासिंग हे खरोखर अजिंक्य मल्ल होते की ठरवून लढल्या जाणाऱ्या कुस्त्यांचे नायक, हा कुस्तीशौकिनांतील जुना वाद आहे. अमृतसर जिल्ह्यातील धरमूचक गावात १९२८ मध्ये जन्मलेले दारासिंग पुढे मुंबईकर झाले, जुहूत स्थिरावले आणि १२ जुलै २०१२ रोजी तेथील राहत्या घरीच निवर्तले. त्यामुळे पश्चिम उपनगरांना त्यांच्याविषयी आपलेपणा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र आपलेपणापोटी त्यांच्या कीर्तीची छाननी टाळणे जितके चुकीचे, तितकेच संशयापोटी ती सरसकट मोडीत काढणेही अन्यायाचे ठरते. त्यांची कीर्ती रास्त आहे, परंतु ती ज्या आधारावर नेहमी सांगितली जाते तो आधार टिकणारा नाही.

या वादात प्रथम दोन प्रकारच्या कुस्त्या वेगळ्या काढाव्या लागतात. मातीच्या हौद्यातील निकाली कुस्ती आणि ऑलिंपिकमधील गादीवरची कुस्ती या स्पर्धा आहेत. तेथे कोण चितपट होणार हे आधी कोणालाच ठाऊक नसते. व्यावसायिक कुस्ती, जिची जाहिरात स्वातंत्र्योत्तर काळात आपल्याकडे ‘फ्रीस्टाइल’ या नावाने होत असे, ती मात्र दोरखंडांच्या रिंगणात तिकीट लावून दाखवला जाणारा खेळ असून, तिचा निकाल बहुधा प्रवर्तक, म्हणजे सामने भरवणारा व्यावसायिक, आधीच ठरवतो. सुमारे पाचशे कुस्त्यांत एकही पराभव नाही, ही दारासिंग यांच्याविषयीची आख्यायिका या दुसऱ्या प्रकारातली आहे, आणि जेथे निकाल ठरवून लावला जातो तेथे अपराजित राहणे हा लोकप्रियतेचा पुरावा असतो, बळाचा नव्हे.

त्यांच्या किताबांनाही हीच कसोटी लावावी लागते. १९५९ मध्ये कोलकात्यात जॉर्ज गॉर्डिएन्को यांना हरवून त्यांनी मिळवलेले राष्ट्रकुल अजिंक्यपद व्यावसायिक होते; १९५८ च्या कार्डिफ राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेशी, जिच्यात हेवीवेट गटाचे सुवर्णपदक लीला राम यांनी जिंकले, त्याचा काही संबंध नव्हता. २९ मे १९६८ रोजी मुंबईत त्यांनी अमेरिकेच्या लू थेझ यांना हरवले आणि ते जगज्जेते म्हणून गाजले. परंतु थेझ तेव्हा बावन्न वर्षांचे होते आणि व्यावसायिक कुस्तीतील सर्वांत प्रतिष्ठेचे मानले जाणारे एनडब्ल्यूए संघटनेचे विश्वविजेतेपद त्यांनी १९६६ मध्येच जीन किनिस्की यांच्याकडे गमावले होते.

तथापि थेझ यांच्याच उदाहरणातून दारासिंग यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद उभा राहतो. थेझ हे सांध्यांवर उलटा दाब देऊन प्रतिस्पर्ध्याला जायबंदी करू शकणाऱ्या अस्सल पकडींचे जाणकार होते. त्यांच्यासारखा मल्ल स्वतः तयार झाल्याशिवाय त्याला खाली घेणे सोपे नसे. अशा माणसाने दारासिंग यांच्याकडून हार पत्करली आणि पुढे त्यांचा गौरव अस्सल, उत्तम कमावलेला मल्ल म्हणून केला, ही जाणत्याने जाणत्याला दिलेली पावती आहे.

किंगकाँग या नावाने गाजलेल्या, सुमारे दोनशे किलो वजनाच्या मल्लाला दारासिंग यांनी डोक्यावर उचलल्याचा प्रसंग बारकाईने पाहिला तरी हेच दिसते. एवढे वजन वर नेताना उचलला जाणारा मल्ल अंग सैल सोडून स्वतः थोडी उसळी घेतो, त्याशिवाय तो कमरेच्या वर सहसा येत नाही. म्हणजे त्यात संगनमत असतेच. पण उसळीचा जोर पहिल्या क्षणीच संपतो, आणि त्यानंतर ते धूड खांद्यांवर तोलणे, पाय न ढळू देणे आणि समोरच्याचा मणका न दुखावता त्याला खाली टाकणे, हे काम जोर-बैठकांनी वर्षानुवर्षे घडवलेल्या शरीरालाच जमते. निकाल ठरलेला असला तरी ताकद उसनी आणता येत नाही.

ही छाननी आवश्यक आहे ती मुख्यतः खाशाबा जाधव यांच्यासाठी. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला गेला तो कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या सात हजार रुपयांच्या आधारावर, आणि ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक पदकविजेता ठरला. १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले आणि त्यानंतरही दीड दशकाहून अधिक काळ अर्जुन पुरस्काराने त्यांची दखल घेतली नाही. ठरवलेल्या आणि न ठरवलेल्या कुस्त्या एकाच मापाने मोजल्या, की नुकसान होते ते खाशाबांसारख्यांचे, कारण त्यांच्या पदकामागे प्रवर्तक नव्हता आणि पडदाही नव्हता.

दारासिंग यांचे श्रेय निराळे आणि तेही मोठे आहे. संस्थाने विलीन होऊन मल्लांचा राजाश्रय आटला त्या काळात त्यांनी कुस्तीला शहरातला तिकीट काढणारा प्रेक्षक मिळवून दिला, आणि पडद्यावरील हनुमानाच्या भूमिकेतून मल्लाच्या देहाला घराघरांत आदर मिळवून दिला. म्हणून मुंबईच्या क्रीडा-इतिहासात त्यांचे नाव ‘अजिंक्य जगज्जेता’ असे न लिहिता ‘भारतातील व्यावसायिक कुस्तीचा सर्वांत मोठा मल्ल’ असे लिहिले जावे. या वर्णनात त्यांचा मान तसूभरही कमी होत नाही, आणि ते कोणत्याही अभ्यासकाच्या तपासणीला उतरू शकते.