पगार कमी वाटला तर?

मुलाखत छान झाली, निवड झाल्याचा निरोपही आला. पण पगाराचा आकडा ऐकून मन खट्टू झाले. घरचे म्हणतात, 'हातची नोकरी घालवू नकोस.' अशा वेळी मुकाट्याने होकार देऊ नका आणि रागाने नकारही कळवू नका.

आधी हिशेब मांडा. समजा, कंपनीने वर्षाला ३ लाख ६० हजार सांगितले आणि त्यात मूळ पगार महिना १५ हजार आहे. आपण धरून चालतो की, महिना ३० हजार मिळणार. पण त्या रकमेत भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा १,८०० रुपयांचा हिस्सा बहुधा धरलेला असतो. पुष्कळदा ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० रुपयेही. तुमच्या हिश्शाचे १,८०० वेगळे कापले जातात. हाती उरतात जेमतेम साडेपंचवीस हजार! म्हणून 'दरमहा हातात किती येतील?' हे स्पष्ट विचारा.

मग दोन दिवसांची मुदत मागा. तशाच कामाला इतरत्र काय मिळते, याची चौकशी करा. बोलताना घरभाडे, कर्जाचे हप्ते, बहिणीचे लग्न यांचा पाढा वाचू नका. पगार गरजेचा नव्हे, कामाचा मिळतो. 'काम मला आवडले आहे. माझा अनुभव पाहता महिना एवढ्याची अपेक्षा आहे,' इतकेच सांगा आणि उत्तराची वाट पाहा.

आकडा वाढत नसेल, तर सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार किंवा प्रवासखर्च मागून पाहा. जे ठरेल ते नेमणूकपत्रात लिहून घ्या. तोंडी शब्द देणारे साहेब उद्या बदलून गेले, तर दाद कोणाकडे मागणार?