रोजकीर्द, खतावणी आणि हार्ड डिस्क

सत्तरी ओलांडलेल्या मराठीच्या मास्तराने डेटाबेसवर लिहावं, हे वाचून पुतण्या हसेल. हसू दे. शिकवलं त्यानेच आहे.

आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी आहे. संध्याकाळी सहाला, नेमकी गर्दी असताना, एक पुस्तक शोधायला संगणक मिनिट-मिनिट लावतो. मागच्या महिन्यात माझ्याच वयाचे एक सभासद बराच वेळ ताटकळले आणि पुस्तक न घेताच परत गेले. ते मनाला लागलं. मग सभेत दीड लाखाच्या नव्या सर्व्हरचं दरपत्रक आलं. सगळ्यांनी हात वर केले, मी केला नाही.

कारण त्याआधी पुतण्याने टास्क मॅनेजर उघडून दाखवलं होतं. डिस्क १०० टक्के कामात, प्रोसेसर मात्र जवळजवळ रिकामा! आमची डिस्क जुनी, फिरती. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. आधी वाचणारा दांडा जागेवर जाणार, मग हवा तो भाग फिरत त्याच्याखाली येणार. विखुरलेली माहिती अशी सेकंदाला शंभरेक वेळाच वाचून होते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, ती हेच काम हजारो वेळा करते. प्रोसेसर कितीही भारी आणा, तो दांड्याची वाटच बघत बसणार.

दुसरा मुद्दा जागेचा. डेटाबेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये ओळीने लिहितो, मग मूळ तक्त्यात. म्हणजे आपली रोजकीर्द आणि खतावणीच की! रोजकीर्द सलग लिहायची असते. त्याच फिरत्या डिस्कवर खतावणीची शोधाशोध चालली, की दांड्याची नुसती धावपळ. आमच्याकडे तर बॅकअपही त्याच डिस्कवर, आणि तोही संध्याकाळी सहाला! म्हणजे डिस्क गेली की मूळही गेलं आणि प्रतही. वर्षानुवर्षांच्या नोंदी एका दांड्याच्या भरवशावर. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझं मत सरळ आहे. आधी अडतंय कुठे ते बघा, मग पाकीट उघडा. चार-पाच हजारांची एसएसडी, बॅकअपला वेगळी डिस्क आणि बॅकअपची वेळ दुपारच्या सुट्टीत. एक चांगला यूपीएसही हवाच, कारण लिहिता लिहिता वीज गेली तर साध्या एसएसडीवरच्या शेवटच्या नोंदी हरवू शकतात. बँकेसारख्या ठिकाणी, जिथे हजारो व्यवहार एकदम चालतात, तिथला हिशेब वेगळा. पण आम्ही बँक नाही.

चाळीस वर्षं मुलांना हेच सांगत आलो, की दप्तर मोठं घेऊन काही होत नाही, वह्या नीट लावा.

असो. रविवारी पुन्हा सभा आहे. पैसा सभासदांच्या वर्गणीचा आहे. उरलेल्या पैशांत पुस्तकं घेऊ, आणि दोन खुर्च्याही. बघू, किती जणांना पटतंय!